ओफ्रात घर घेण्याआधी जमीन कुणाची ते विचारा

ताई, ठाण्याहून अलिया करून, म्हणजे ज्यू म्हणून इस्रायलला कायमचं राहायला जाऊन, थेट ओफ्रा या वस्तीत राहावं का, तिथलं घर इस्रायलच्या लोद शहरापेक्षा स्वस्त पडतंय, असं तुम्ही विचारलंय. अर्ज आणि सरकारी मदतीचं ज्यूइश एजन्सी, म्हणजे अलियाचं काम बघणारी संस्था, सांगेलच. मी जमिनीबद्दल सांगते, कारण ते कुणी आपणहून सांगत नाही.

ओफ्रा जेरुसलेमच्या उत्तरेला सुमारे 25 किलोमीटरवर, ग्रीन लाइनच्या (1949 च्या युद्धबंदी रेषेच्या) पलीकडे, म्हणजे 1967 पर्यंत जॉर्डनकडे असलेल्या आणि तेव्हापासून इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेत आहे. एप्रिल 1975 मध्ये बाल हाझोरच्या लष्करी तळाचं कुंपण घालणारी मंडळी संध्याकाळी घरी न परतता जॉर्डनच्या सैन्याच्या रिकाम्या बराकींत मुक्कामाला राहिली. इस्रायलचे तेव्हाचे संरक्षणमंत्री शिमोन पेरेस यांनी त्यांना हटवलं नाही. 1977 मध्ये पंतप्रधान बेगिन यांच्या सरकारने वस्तीला मान्यता दिली. बराकींची काही जागा जॉर्डनने पूर्वीच ताब्यात घेतली होती, पण वस्ती पसरली ती ऐन यब्रुद आणि सिलवाद या पॅलेस्टिनी गावांच्या शेतांवर.

गोम इथेच आहे. जॉर्डनच्या काळात इथली बरीच जमीन मालकांच्या नावानिशी नोंदली गेली होती, आपल्या सातबाऱ्यासारखी. 1979 च्या एलोन मोरे निकालात इस्रायलच्या सुप्रीम कोर्टाने वस्तीसाठी खाजगी जमीन घेण्याला आडकाठी केली, त्यानंतर इतर वस्त्यांसाठी पडीक, बिननोंदीची जमीन ‘सरकारी’ म्हणून जाहीर करता आली. नावावरच्या जमिनीला ती युक्ती चालत नाही. म्हणून मूळ मालक कोर्टात गेले की बऱ्याचदा जिंकतात. 2017 च्या फेब्रुवारीअखेर ओफ्रातली 9 घरं अशीच रिकामी करावी लागली. शेजारच्या टेकडीवरच्या अमोनात 2006 मध्ये 9 पक्की घरं पाडली आणि 2017 मध्ये अख्खी वस्ती उठवली. अशा घरांना कायदेशीर करणारा कायदा क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, फेब्रुवारी 2017 मध्येच केला, पण सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये तो रद्द केला.

तेव्हा विकणाऱ्याकडे आधी गुश आणि खलका, म्हणजे ब्लॉक आणि प्लॉटचे नंबर मागा. ते घेऊन वकिलाला बेत एलच्या नागरी प्रशासनाकडे, म्हणजे वेस्ट बँकेतल्या जमिनीचं काम बघणाऱ्या इस्रायली कार्यालयाकडे, पाठवा. इस्रायलच्या ताबूत, म्हणजे नेहमीच्या जमीन नोंदणीत, हे सापडणार नाही. मूळ नोंद कुणाच्या नावे, मंजूर आराखडा आहे का, बांधकाम परवाना आहे का, पाडण्याचा आदेश निघालाय का, ही चारही उत्तरं लेखी हवीत. वकील तुमचा स्वतःचा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. ‘बँक कर्ज देते, म्हणजे सगळं ठीक’ या बोलण्यावर जाऊ नका. आणि कागद चोख निघाले तरी जगातले बहुतेक देश या वस्त्या बेकायदेशीर मानतात. इस्रायल ते मानत नाही, पण जुलै 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही तेच मत दिलं.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे म्हणता. अशा वयाच्या मुलाला हिब्रू आणि बाग्रुतची, म्हणजे शाळा संपतानाची, परीक्षा एकदमच पेलावी लागते. छोट्या गावात नव्याने आलेली मुलं मोजकीच असली तर हिब्रूच्या जादा तासांचा आग्रह तुम्हालाच धरावा लागेल. शाळेच्या नकाशांत बहुधा ग्रीन लाइन दाखवलेलीच नसते. आपण कुठे राहतो हे मुलाला आईबापांनी सांगावं लागतं, याचा मला अजून त्रास होतो.

एकटेपणाचं थोडक्यात: मलिद्याला, म्हणजे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने करतो त्या प्रसादाला, पोहे, खोबरं, खजूर घरी आणता येतील, सोबत त्याचं गाणं मराठीत म्हणणारी माणसं मात्र लोद, अश्दोद, दिमोनासारख्या शहरांतच भेटतील.

आणखी एक, मनातलं. 1962 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बी (धर्मगुरू) मंडळाने लग्नाला उभ्या असलेल्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्या मराठी ज्यू, जोडप्यांच्या आजी-पणजीपर्यंतच्या ज्यू वंशाची चौकशी सुरू केली होती. 1964 मध्ये आपली माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे ते थांबलं. कागदापायी इतका अपमान गिळलेल्या समाजातल्या बाईला, ज्याच्याकडे कागद आहे त्याच्या शेतावरचं घर घ्या, असं माझ्याने सांगवत नाही.

लोदला वर्षभर भाड्याने राहा. मुलाच्या तोंडी हिब्रू बसू द्या. घर त्यानंतर बघा.