मित्र येतायत, पण सुरुवात कुठून?

प्रश्न: रत्नागिरीजवळचं आमचं चिरेबंदी घर वर्षानुवर्षं बंद आहे. मंगलोरी कौलं गळतात, वासे वाळवीने खाल्लेत. एप्रिलमध्ये सहा मित्र मदतीला येणार आहेत. आधी भिंती रंगवून घेऊ का?

उत्तर: रंग सगळ्यात शेवटी, आधी छप्पर. प्रत्येक वाशाचं भिंतीवर टेकलेलं टोक स्क्रूड्रायव्हरने टोचा, ओल तिथेच धरते. स्क्रूड्रायव्हर सहज आत शिरला तर वासा बदला. वर सुतारच चढू दे, मित्रांनी खाली साखळी करून कौलं हातोहात घ्यावीत. दोन्ही उतारांवरून आळीपाळीने उतरवा. एकच बाजू मोकळी केली तर जुना सांगाडा कलतो.

कौलावर टिचकी मारा: खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर तडा आहे. चौरस मीटरला साधारण 15 कौलं धरा, वर दहा टक्के जादा. नवी कौलं जुन्यांच्या खाचेत नीट बसत नाहीत, म्हणून जुनी सगळी एकाच उतारावर लावा. रिपांचं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं, अंतर प्रत्यक्ष कौलावरून मोजा.

भिंतींना सिमेंटचा गिलावा नको, चिऱ्यातली ओल कोंडून तो फुगतो. एक भाग चुना, तीन भाग वाळू. आठवडाभर पाणी मारा.