पहिल्या पावसावर सोयाबीन पेरलं की दुबार पेरणी का ओढवते?

कारण पहिला पाऊस आणि पेरणीयोग्य पाऊस या वेगळ्या गोष्टी आहेत. उगवायला सोयाबीनचा दाणा स्वतःच्या वजनाच्या निम्मं पाणी शोषतो. तो फुगल्यावर वरची ओल आटली तर अंकुर आतच मरतो, आणि नंतर कितीही पाऊस पडला तरी तो दाणा उगवत नाही.

म्हणून ७५ ते १०० मिमी पाऊस होईपर्यंत थांबा. एका दिवसाच्या धो-धो सरीवर भरवसा ठेवू नका, त्यातलं बरंचसं पाणी वाहून जातं. दोन-तीन ठिकाणी वीतभर खणून पाहा. खालची माती मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे. १५ जुलैपर्यंत पेरता येतं, त्यामुळे आठवडाभर थांबणं बियाणं गमावण्यापेक्षा कधीही स्वस्त.

घरचं बियाणं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७० उगवले तर एकरी ३० किलो, ६५ उगवले तर ३२-३३ किलो. साठाच्या खाली असेल तर ते पेरूच नका. पेरणीची खोली ३ ते ४ सेंमी ठेवा. जास्त खोल गेलं आणि वर पपडी धरली की कोंब बाहेर येत नाही.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भूभागावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. म्हणून शक्य तिथे रुंद वरंबा-सरी यंत्रानेच (रुंद वरंबा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सरी पाडत पेरणारं यंत्र) पेरा: अतिवृष्टीत सरीतून पाणी निघून जातं, पावसात खंड पडला तर तीच सरी ओल धरते.