म्युनिकच्या मावशीकडे नको

(साताऱ्याहून एका आईने लिहिलंय: लेक एकवीस वर्षांची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. जर्मनची ए-टू, म्हणजे भाषेची दुसरी पायरी, झाली. आता ओपेअर म्हणून, म्हणजे तिथल्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळत भाषा शिकायला, वर्षभर जर्मनीला जायचं म्हणते. मुलीची जात, एकटी कशी राहील? माझी मामेबहीण म्युनिकला आहे, तिच्याकडे राहून तिचीच मुलं सांभाळली तर? एजंट दोन लाख मागतोय.)

ताई,

मावशीचं घर आधी डोक्यातून काढा. ओपेअरला नातलगांकडे किंवा आपल्याच देशातून गेलेल्या कुटुंबात राहता येत नाही, घरात जर्मनच बोलली जायला हवी. पूर्वी मला हा नियम जाचक वाटायचा, आता पूर्ण पटतो. मावशीकडे ती वर्षभर मराठीच बोलेल आणि डॉक्टरकडे जाताना मावशीचाच हात धरेल. परक्या गावात एकट्या मुलीला खरा आधार तिथल्या भाषेचा. "मला हे चालणार नाही" हे वाक्य न अडखळता म्हणता आलं पाहिजे. मावशीचा नंबर मात्र जवळ हवा, दिवाळीला जाऊ दे तिकडे.

तुमच्या साताऱ्याला कर्मवीर अण्णांची 'कमवा आणि शिका' नवी नाही. हे बरंचसं तसंच. आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास मुलं आणि हलकं घरकाम. स्वतंत्र खोली, जेवण, विमा, महिन्याला २८० युरो हातखर्च आणि भाषेच्या क्लाससाठी ७० युरो. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी. सगळं लेखी करारात असतं. त्याहून जास्त राबवलं तर ती मोलकरीण झाली, आणि तसं होतं कधीकधी. म्हणूनच करार तिला स्वतःला वाचता यायला हवा.

व्हिसाला पहिली पायरी, ए-वन, पुरते, पण मी म्हणेन तिसरी, बी-वन, करूनच जा. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात करू दे, तीन-चार महिने तिथेच कॉट बेसिसवर राहू दे. एकटीने आजारी पडणं, रविवारी करमत नसताना दिवस काढणं हे घरापासून दोन-अडीच तासांवर असतानाच कळलेलं बरं. घाई नाही, अर्ज करताना वय २७ च्या आत असलं की झालं.

भाषेचं एक सांगते, कारण मला त्याचं फार अप्रूप आहे. आपल्या तो-ती-तेसारखी त्यांचीही तीन लिंगं. तीन लिंगांची सवय आपल्या मुलांना घरातूनच असते. पण तिथे सूर्य 'ती' आणि चंद्र 'तो', मुलगी तर चक्क 'ते'! आपल्याकडे 'ते पोर' म्हणतात तसंच. असं काही सापडलं की परका देश जरा ओळखीचा होतो.

एजंटला नाही म्हणा. तिथल्या एजन्सीला ओपेअरकडून १५० युरोपेक्षा जास्त घेता येत नाहीत, मग हे दोन लाख कशाचे?

कुटुंब ठरलं की करार घेऊन दोघी या. सही करण्याआधी तिने तो जर्मनमधून वाचायचा आणि तुम्हाला मराठीत समजावून सांगायचा. मी फक्त ऐकेन.