राउटर नाही, लॅपटॉपला वायरने नेट आहे. वेगळं सॉफ्टवेअर न टाकता घरातल्या मोबाइलना वाय-फाय देता येईल का?

येईल. आणि कृपा करून त्यासाठी काहीही डाउनलोड करू नका. घोडबंदर रोडच्या भाड्याच्या घरात नेटची वायर आली, राउटर अजून यायचाय, आई-बाबांचे मोबाइल आणि प्रिंटर खोळंबलेत, असं तुम्ही लिहिलंय. विंडोज १० किंवा ११ असेल तर हॉटस्पॉटची, म्हणजे लॅपटॉपचं नेट वाय-फायने इतरांना वाटायची, सोय लॅपटॉपमध्येच आहे. घरातल्या सगळ्यांचं नेट ज्यातून जाणार ते काम कुठल्यातरी अनोळखी 'फ्री हॉटस्पॉट' सॉफ्टवेअरकडे सोपवणं मला अजिबात पटत नाही.

सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडा, त्यात 'मोबाइल हॉटस्पॉट'. नेट कुठून घ्यायचं तिथे 'इथरनेट' (म्हणजे वायरचं नेट) निवडा आणि कशावरून वाटायचं तिथे 'वाय-फाय'. नाव बदला, किमान ८ अक्षरांचा पासवर्ड द्या, बटण सुरू करा. एका वेळी ८ उपकरणं जोडता येतात.

जुन्या लेखांत कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजच्या काळ्या खिडकीत) ओळी टाइप करायला सांगितलेलं दिसेल. ती विंडोज ७च्या काळातली पद्धत. वाय-फाय चालवणाऱ्या बऱ्याच नव्या ड्रायव्हरवर (लॅपटॉपमधल्या छोट्या सॉफ्टवेअरवर) ती चालत नाही, तरी सेटिंग्जमधला हॉटस्पॉट व्यवस्थित चालतो, कारण तो वाय-फाय डायरेक्ट, म्हणजे राउटरशिवाय उपकरणं थेट जोडायची पद्धत, वापरतो. तेव्हा कमांडने नकार दिला म्हणून लॅपटॉपच बाद ठरवू नका.

लोक अडकतात ते बँडवर, म्हणजे वाय-फाय कुठल्या लहरींवर चालवायचं त्यावर. तिथेच 'प्रॉपर्टीज'मध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे पर्याय असतात. ५ला वेग जास्त, पण आपल्या टॉवरांमधल्या काँक्रीटच्या भिंतींपलीकडे तो पटकन मंदावतो. शिवाय बऱ्याच प्रिंटरना आणि स्वस्त मोबाइलना ५ दिसतच नाही. प्रिंटर जोडायचाय म्हणून तुम्ही २.४च ठेवा. आजूबाजूच्या फ्लॅटमधल्या वाय-फायची गर्दी त्यावर जास्त असते, त्यामुळे वेग थोडा कमी मिळेल, पण आतल्या खोलीत रेंज पोचेल. लॅपटॉप मात्र घराच्या मधोमध टेबलावर ठेवा, गादीवर नको, तापतो.

हॉटस्पॉट आपोआप बंद पडत असेल तर त्याच पानावरचं 'पॉवर सेव्हिंग' बंद करा; कोणी जोडलेलं नसलं की ते हॉटस्पॉट बंद करतं. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपला तरी सगळ्यांचं नेट जातं, म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर 'काही करू नका' हा पर्याय द्या. लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण फायबरचा डबा बंद पडला की नेटही गेलं.

मॅकवर हेच 'जनरल'मधल्या 'शेअरिंग'मध्ये 'इंटरनेट शेअरिंग' नावाने आहे. उबुंटूत वाय-फायच्या सेटिंगमधल्या तीन ठिपक्यांत मिळेल.

आणि लॅपटॉप ऐरोली-महापेच्या एखाद्या कंपनीने दिलेला असेल, तर आधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा. बऱ्याच कंपन्या हॉटस्पॉट बंद करून ठेवतात, आणि बंद नसला तरी त्यांची परवानगी असेलच असं नाही.