संघ तोच, माणसे वेगळी

प्रश्न : मे २०२४ मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) हा फुटबॉल चषक जिंकणारा मुंबई सिटी संघ पुढच्याच हंगामात सहाव्या स्थानावर का घसरला?

उत्तर : अंतिम सामन्यात मोहन बागानला ३-१ असे नमवणाऱ्या संघाच्या मधल्या फळीचा कणा असलेला अपुइया त्याच बागानकडे गेला, तर मुंबईकर कर्णधार राहुल भेके आणि त्या सामन्यात बरोबरीचा गोल करणारा परेरा डियाझ यांनी बेंगळुरू संघाची वाट धरली. नवे खेळाडू विकत घेता येतात. पण सहकारी कुठे धावेल हे न पाहता ओळखून चेंडू देण्याची सवय एकत्र खेळूनच जडते. प्रशिक्षक पीटर क्रॅटकी तेच होते, त्यामुळे सारा दोष डावपेचांवर ढकलणे मला तरी पटत नाही. मार्च २०२५ मध्ये बाद फेरीत बेंगळुरूने मुंबईला ५-० असे हरवले. त्यातला पाचवा गोल डियाझचाच होता.