काचेवर 2 लाख घालायच्या आधी एक अगरबत्ती लावा

तुम्ही लिहिलंय की फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, समोर रेल्वेची मेन लाईन, गाड्यांच्या आवाजाने बाळ रात्री दचकून उठतं आणि खिडकीवाल्याने अख्ख्या घराला डबल काचेचे 2 लाख सांगितलेत, करू का? थांबा जरा. आम्ही बडोद्यात विश्वामित्रीच्या बाजूला रुळाशेजारी 22 वर्षं काढलीत, माझेही पैसे आधी चुकीच्याच जागी गेले, भिंतीला फोम लावला होता, त्याने खोलीतला घुमारा कमी होतो फक्त, बाहेरचा आवाज येतो तसाच येतो.

रात्री पंखा बंद करून अगरबत्ती खिडकीच्या कडेकडेने फिरवा. धूर जिथे वाकतो तिथून आवाज पण आत येतोय. आमच्याकडे स्लायडिंगचे पल्ले एकमेकांवर येतात तिथे आणि एसीच्या पाईपच्या भोकाशी धूर चक्क आडवा झाला. भोक बुजवलं आणि फक्त बेडरूमला आतून दुसरी खिडकी लावली, बिजागरीची, चारी बाजूंनी रबर दाबून बसणारी, दोन काचांत चांगलं 4 इंच अंतर. कारखान्यातून येते ती डबल काच, मधे जेमतेम अर्धा इंच हवा, ती उन्हाला ठीक, मालगाडीच्या जाड घरघरीला तिचा फारसा उपयोग नाही. आणि दोन्ही काचा सारख्या जाडीच्या नकोत, एकाच सुरावर थरथरतात. हवा कोंडते मात्र, तेव्हा मागच्या बाजूचं काहीतरी उघडं ठेवा.

पलंगच हादरत असेल तर ते जमिनीतून येतंय, तिथे काच काय करणार, बाळाला मागच्या खोलीत हलवा सरळ. सोसायटीवाले झाडं लावू म्हणतील, लावा, सावली मिळेल. रुळाकडच्या कंपाउंड भिंतीचं पण तेच, तुमच्या गॅलरीतून गाडी दिसतेय तोवर खालच्या भिंतीचा तुम्हाला फायदा नाही.

हॉर्नचं म्हणाल तर फाटकाआधी ‘सी/फा’ची, म्हणजे ‘सीटी/फाटक’ची पाटी असते, तिथे ड्रायव्हरला वाजवावाच लागतो, पण आमच्याकडे निम्मे हॉर्न शॉर्टकटने रूळ ओलांडणाऱ्यांमुळे, त्यात आमच्याच सोसायटीची मंडळी! आणि प्रत्येक गाडीला एकाच जागी खडाक होत असेल तर तो रुळाचा जॉइंट असू शकतो. रुळाशेजारच्या रेल्वेच्या विजेच्या खांबावर किलोमीटर आणि खांबाचा नंबर असतो, तो टिपून, वेळ लिहून, प्रतापनगरला डीआरएम, म्हणजे रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकाच्या ऑफिसात अर्ज द्या. ‘गाड्यांचा फार आवाज येतो’ एवढंच लिहिलं तर कोण कुठे बघायला जाणार?