वाचक विचारतात : मिसरी आणि गालातला पांढरा चट्टा

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही तासगाव तालुक्यातल्या वडार वस्तीत राहतो. आई द्राक्षबागेत टोळीबरोबर कामाला जाते. न्हाणीघरात तिची मिसरीची डबी कायम ठेवलेली असते, लग्नाआधीपासूनची सवय. दोन महिने झाले, डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आलाय, तिखट झोंबतं. एका दवाखान्यात ‘तुमच्या लोकांत हे असतंच’ म्हणत मलम दिलं. कॅन्सर आमच्या जातीतच असतो का?

उत्तर : जातीत कुठला गं, मिसरीत असतो. तव्यावर काळीकुट्ट भाजली तरी ती तंबाखूच. ‘असतंच’ म्हणणाऱ्यानं आधी बॅटरी लावून तोंड तरी बघायचं! तिरुवनंतपुरम जिल्ह्यात डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसती तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. हे २००५ सालीच छापून आलंय.

तुमच्याकडे उशीर का होतो, ते मी बघितलंय. अशीच एक बाई मला म्हणाली होती, “एवढी ऑक्टोबर छाटणी होऊ द्या, मग येते.” आली ती गुढीपाडवा झाल्यावर. तोंड इतकं आखडलेलं की माझं एक बोट जेमतेम आत गेलं. तिला कळत नव्हतं असं नाही. पण रोजची मजुरी बुडवली तर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल कशी फिटणार?

आईला तोंड पूर्ण उघडायला सांग आणि तिचीच तीन बोटं उभी आत जातात का बघ. जात असली तरी थांबू नका. पुसून न जाणारा चट्टा पंधरा दिवसांवर टिकला की दाखवायचाच. प्रत्येक चट्टा कॅन्सरचा नसतो, पण ते चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासल्यावरच ठरतं. तुकडा काढला की आजार पसरतो, असं वस्तीत कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

सांगली किंवा मिरजेच्या सिव्हिलला सकाळीच जा. आधार आणि रेशनकार्ड बरोबर असू दे. पुढे ऑपरेशन लागलंच तर सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेला ही कागदपत्रं लागतात. रेशनकार्डावर आईचं नाव आहे ना, तेवढं आजच बघ. केसपेपरवर ‘मिसरी, लग्नाआधीपासून’ असं लिहून घे. आणि मुकादमाला आदल्या संध्याकाळी तूच सांग, आईला सांगायला लावू नकोस. ती ‘पुढच्या आठवड्यात जाईन’ म्हणेल.